पास्त्याचा पांढरा सॉस घरी: गाठी होतात आणि कच्च्या मैद्याचा वास राहतो, काय चुकतंय?

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. मुलगा बेंगळुरूला हॉस्टेलवर असतो. सुट्टीला आला की दुसऱ्या दिवशी पास्ता मागतो. आजवर तयार पाकिटातली पावडर दुधात घालून द्यायची. या खेपेला ठरवलं की सॉस घरीच करायचा, दूध-लोणी सगळं घरात आहे. दोनदा केला, दोन्हींदा बिघडला. पहिल्यांदा हरभऱ्याएवढ्या गाठी झाल्या. दुसऱ्यांदा मिक्सरमधून काढला, गाठी गेल्या, पण जिभेला कच्चा मैदा लागत होता. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आजारी माणसाची पेज." त्या रागावल्या नव्हत्या, पण मला लागलं.

मी काय करते ते सांगते. दूध उकळते, त्यात वाटीभर पाण्यात कालवलेला मैदा ओतते, मीठ-मिरपूड, वरून चीज. म्हशीचं दूध आहे, गवळी घरी घालतो. कुठं चुकतंय? शनिवारी परत करणार आहे. मुलगा रविवारी रात्रीच्या बसनं जाईल.

खानापूरची
ताई, चूक पहिल्याच पायरीत आहे. मैदा पाण्यात कालवायचा नाही, लोण्यात भाजायचा. मग दूध. बाकी सगळं नंतर.

टिळकवाडी_दुसरा_गेट
+१. आधी लोणी, मग मैदा, मग दूध. हा क्रम बदलला की सॉस बिघडला.

निपाणीकर
मैदाच कशाला पोटात घालायचा म्हणतो मी. चार चमचे फ्रेश क्रीम, चीज, झालं काम. पाच मिनिटांत होतंय. ते ढवळत कोण बसणार?

कॅम्पातला_बेकरीवाला
मी बेकरीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, जरा सविस्तर सांगतो. वडगावच्या वहिनी, नीट वाचा, शनिवारी उपयोगी पडेल.

गाठ का होते? मैद्याचा गोळा उकळत्या दुधात पडला की बाहेरचा थर लगेच फुगतो आणि चिकट होतो. त्या चिकट थरातून आत दूध शिरत नाही, आतला मैदा कोरडाच राहतो. ती तुमची हरभऱ्याएवढी गाठ. मिक्सरनं ती फुटते, पण आतला मैदा कच्चा तो कच्चाच. म्हणून दुसऱ्यांदा गाठी गेल्या आणि वास राहिला.

लोण्यात मैदा परतला की प्रत्येक कणाभोवती तूप बसतं. कण एकमेकांना चिकटत नाहीत, दूध घातल्यावर सुटे सुटे फुगतात. फ्रेंच लोक या मिश्रणाला 'रू' म्हणतात. त्यात दूध घालून होतो तो 'बेशामेल', चौदाव्या लुईच्या दरबारातल्या एका कारभाऱ्याच्या आडनावावरून पडलेलं नाव. इटलीत त्यालाच 'बेशामेल्ला' म्हणतात.

माप: ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. एवढ्यात चौघांचा पास्ता होतो. इथं बहुतेकांचं एक चुकतं. चमच्यानं मोजताना दोन्ही सारखे चमचे घेतात. पोह्यांचा नव्हे, मोठा १५ मिलीचा चमचा लोण्याचा भरला तर १४ ग्रॅम, आणि मैद्याचा सपाट भरला तर जेमतेम ८ ग्रॅम. म्हणजे दोन चमचे लोण्याला मैदा साडेतीन सपाट चमचे हवा.

लोणी मंद आचेवर वितळवा, फेस आला की मैदा घाला, दोन-तीन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही. बिस्किटाच्या भट्टीसारखा वास आला की थांबा. लाल झाला तर चव छान लागते, पण घट्ट करायची ताकद कमी होते. मग गार दूध घाला, एकदम नाही. पहिलं अर्धी वाटी, ढवळून लगदा करा, पुन्हा अर्धी वाटी. लगदा सैल झाला की उरलेलं सगळं ओता. उकळी येईपर्यंत ढवळत राहा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजू द्या. घट्ट झाला म्हणून लगेच उतरवू नका. घट्टपणा आधी येतो, कच्चा वास नंतर जातो.

वडगावची_सून
बेकरीवाले दादा, हे मी वहीत उतरवून घेतलं. म्हणजे माझा सॉस घट्ट झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला मी गॅस बंद करत होते, तिथंच कच्चा राहिला. एक विचारू? घरचं लोणी चालेल का, साईचं?

कॅम्पातला_बेकरीवाला
चालेल, चव जास्त चांगली येईल. पण घरच्या लोण्यात ताकाचा अंश असतो, पाणी असतं. ते तडतडून आवाज थांबेपर्यंत मैदा घालू नका. आणि ते बिनमिठाचं असतं, म्हणून मीठ तुमच्या अंदाजानं. पाकिटातलं खारं बटर वापरलं तर मीठ शेवटी, चीज घातल्यावर चाखून.

शहापूरची_आजी
मी पासष्ट वर्षांची आहे, पास्ता पहिल्यांदा नातीनं खायला घातला. हा धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. सूनबाई, पिठल्याला गाठी होतात तेव्हा आपण काय करतो? पीठ गार पाण्यात आधी कालवून घेतो. तुम्ही तेच केलंत, मैदा कालवलात, म्हणजे पद्धत वाईट नव्हती. पण बेसन फोडणीत मसाल्याबरोबर शिजून त्याचा खमंगपणा येतो, मैद्याला स्वतःचं काही नाही. त्याला तुपात परतल्याशिवाय चव कुठून येणार? आपण शिऱ्याचा रवा तुपात भाजतो तो यासाठीच. नुसता रवा दुधात शिजवला तर लहान मुलांची खीर होते.

आणि सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी चव घेऊन खरं सांगितलं म्हणून तर तुम्ही इथं विचारायला आलात.

वडगावची_सून
आजी, डोळ्यात पाणी आलं. शिऱ्याचं उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

निपाणीकर
आजी बरोबर बोलल्या. पण माझा क्रीमचा मुद्दा कुणी खोडला नाही अजून.

धारवाडी_मास्तर
मी खोडतो. निपाणीकर, डब्यातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. त्यावर जोराची आच लावली किंवा टोमॅटो पडला की ते फुटतं, तूप वेगळं आणि चोथा वेगळा. मैद्याच्या सॉसमध्ये पिष्ट असल्यामुळे दूध सहसा फुटत नाही. शिवाय चौघांच्या पास्त्याला क्रीमचा अख्खा डबा जातो. वहिनींच्या दारात म्हशीचं दूध येतं, ज्यात ६ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. टोन्ड पिशवीत तो ३ टक्के. म्हशीच्या दुधाचा बेशामेल क्रीमशिवायच मलईदार होतो.

निपाणीकर
मान्य मास्तर. मागच्या महिन्यात टोमॅटो घातल्यावर माझं फुटलं होतं खरं. का फुटलं ते आज कळालं.

रोम_ते_रामतीर्थनगर
तीन वर्षं कामानिमित्त इटलीत होतो, म्हणून वेगळं मत मांडतो. तिथं पास्त्यावर रोज पांढरा सॉस ओतत नाहीत. बेशामेल्ला लझान्यात थरांमध्ये घालतात, भट्टीत भाजायच्या पदार्थात घालतात. आपण ज्याला 'अल्फ्रेडो' म्हणतो तो रोममधल्या अल्फ्रेडो दी लेलियो यांच्या खानावळीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यात क्रीम नाही, मैदा नाही. लोणी, भरपूर किसलेलं पार्मेझान आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढंच. त्या पाण्यात पास्त्याचं पिष्ट उतरलेलं असतं, ते लोणी आणि चीज यांना एकत्र बांधतं. म्हणून पास्त्याचं पाणी मोरीत ओतू नका, दोन वाट्या काढून ठेवा. बेशामेल घट्ट झाला तरी दुधाऐवजी तेच घाला.

टिळकवाडी_दुसरा_गेट
पार्मेझान बेळगावात? परवडणारं बोला भाऊ.

रोम_ते_रामतीर्थनगर
म्हणूनच आपल्याकडे बेशामेल जास्त योग्य आहे. दूध-लोणी आपलं उत्तम, चीज साधं. कुंद्यासाठी दूध तळाला लागू न देता तासन्‌तास आटवणारं आपलं गाव. या गावाला दहा मिनिटांचा सॉस अवघड नाही.

खानापूरची
चीजबद्दल माझा अनुभव. मी सॉस उकळत असतानाच चीज घालायचे, ते दाणेदार व्हायचं, वर तेल सुटायचं. आता गॅस बंद करते, मिनिटभर थांबते, मग किसलेलं चीज मुठी-मुठीनं. आपलं नेहमीचं डब्यातलं किंवा क्यूबचं प्रोसेस्ड चीज गुळगुळीत वितळतं, कारण त्यात ते एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात. मोझरेलाची तार येते, पण सॉसमध्ये तिचा गोळा होतो. ती वरून भाजायला ठेवा.

वडगावची_सून
अजून एक. माझा सॉस थोडा राखाडी दिसत होता. मिरपुडीमुळे?

कॅम्पातला_बेकरीवाला
पातेलं कशाचं?

वडगावची_सून
जर्मनचं. आणि ताक घुसळायची स्टीलची व्हिस्क.

कॅम्पातला_बेकरीवाला
सापडलं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात स्टीलनं घासलं की पांढरा सॉस करडा पडतो. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, नाहीतर जर्मनमध्येच लाकडी डाव वापरा. काळी मिरी चालते, फक्त शेवटी घाला.

शहापूरची_आजी
जायफळ घाला चिमूटभर. नातीनं सांगितलं, या सॉसमध्ये परदेशातसुद्धा घालतात. पुरणासाठी घरात असतंच. जास्त नको, एका फळाच्या दोन-तीन घासण्या पुरे.

रोम_ते_रामतीर्थनगर
आजींचं अगदी खरं. बेशामेल्लात जायफळ असतंच.

काजूवाली_चंदगड
माझं सासर चंदगड, माहेर बेळगाव. आमच्याकडे काजूच काजू. मैदा नको असणाऱ्यांसाठी: अर्धी वाटी काजूतुकडा गरम पाण्यात अर्धा तास भिजवून दुधाबरोबर अगदी मऊ वाटायचा, लसूण लोण्यात परतून त्यावर ओतायचा. उकळी आली की घट्ट होतो. तुकडा अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त पडतो, वाटायचाच आहे तर अख्खा कशाला. चव मात्र थोडी शाही भाजीकडे झुकते, हे आधीच सांगते.

गव्हाची_ॲलर्जी
माझ्या मुलीला गव्हातलं ग्लूटेन चालत नाही. आमचा सॉस तांदळाच्या बारीक पिठाचा. मैद्यासारखंच लोण्यात परतते. जोंधळ्याचं पीठही वापरून पाहिलं, घट्ट होतं पण जिभेला किंचित रवाळ लागतं. कॉर्नफ्लोअरवालेही असतील इथं, त्यांना एवढंच सांगते: ते गार दुधात कालवून शेवटी घाला आणि उकळी आली की उतरवा. फार वेळ उकळत ढवळलं की परत पातळ होतं. पास्ता आम्ही तांदळाच्या शेवयांचा करतो. मुलगी आनंदानं खाते, आता शाळेच्या डब्यातही तोच मागते.

शेवयाचा_पाट
शेवयांचं नाव निघालं म्हणून लिहायलाच हवं. आमचं गाव चिक्कोडी तालुक्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात खपलीच्या शेवया होत. गहू ओलवायचा, रवा काढायचा, मळून उखळात कुटायचा आणि मग पाटावर वळायच्या. आई, काकू, शेजारच्या कानडी घरातल्या अक्का सगळ्या एकत्र बसायच्या. त्या 'शाविगे' म्हणायच्या, आम्ही 'शेवया', दोरीवर वाळायला एकत्रच घातलेल्या. लग्नाच्या रुखवतात गव्हले आणि नखुल्या ठेवायचे. तांदळाएवढे गव्हले बोटांनी वळायचे, नखुल्यांवर नखाची खूण.

आता पास्त्याच्या पाकिटावर वाचा, 'ड्युरम व्हीट सेमोलिना' लिहिलेलं असतं. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. उपीटाला आपण बन्सी रवा आणतो ना, तोच गहू. खपली त्याचाच भाऊबंद, इटलीत 'फारो' म्हणतात, कानडीत 'जवे गोधी'. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं खपलीचे डीडीके १०२५ आणि डीडीके १०२९ असे वाण काढले आहेत. तेव्हा आईनं पाटावर वळलेली शेवई आणि इटलीतल्या आजीनं वळलेला पास्ता ही एकाच घराण्याची पोरं. मला हे समजलं त्या दिवशी फार बरं वाटलं. मी बन्सी रवा बारीक दळून, पाण्यात घट्ट मळून, अर्धा तास झाकून ठेवते आणि नखुल्या पाडते. पांढऱ्या सॉसमध्ये त्या खोलगट भागात सॉस धरून ठेवतात. घरच्यांनी मागून घेतल्या.

खानापूरची
शेवयाचा पाट ताई, नखुल्या किती वेळ शिजवायच्या?

शेवयाचा_पाट
ताज्या असतील तर चार-पाच मिनिटं, वर तरंगल्या की एक खाऊन बघायची. वाळवलेल्या असतील तर बारा-पंधरा. पाण्यात मीठ मात्र नीट.

धारवाडी_मास्तर
त्या मिठाचंही माप सांगून ठेवतो: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालू नका. तेलकट पास्त्यावर सॉस धरत नाही.

टिळकवाडी_दुसरा_गेट
पण तुमच्याकडे तिखट कुणी घालत नाही काय? पांढरा पास्ता आमच्या घरात चार घासांच्या वर कुणी खात नाही.

निपाणीकर
ब्याडगी कुटून घाला, रंग येतो आणि तिखट बेतानं. संकेश्वरी घातली तर मात्र पाण्याचा तांब्या जवळ ठेवा! मी लोण्यातच मिरची आणि लसूण घालतो, मग मैदा. लोण्यालाच रंग चढतो.

कॅम्पातला_बेकरीवाला
निपाणीकरांनी आता ढवळायला सुरुवात केली म्हणायची! टोमॅटोचा गुलाबी सॉस करणार असाल तर टोमॅटो आधी वेगळ्या कढईत पाणी आटेपर्यंत परता, मग तयार पांढऱ्या सॉसमध्ये गॅस बंद करून मिसळा.

वडगावची_सून
शनिवारची हकीगत सांगायला आले आहे.

सकाळी आठला लोणी वितळवलं. तडतड थांबेपर्यंत थांबले. मैदा तराजूवर ३० ग्रॅम मोजला, बघितला तर माझ्या रोजच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. तीन मिनिटं परतला आणि खरंच बिस्किटांचा वास आला. सासूबाई देवपूजेतून उठून स्वयंपाकघरात आल्या, "काय भाजतेस?" म्हणून. दूध फ्रिजमधलं गार, आधी अर्धी वाटी. लगदा इतका घट्ट झाला की मी घाबरले, वाटलं परत फसलं. पण तुम्ही लिहिलं होतं तसं पुन्हा अर्धी वाटी, आणि तो सैल झाला. एकही गाठ नाही. दहा मिनिटं शिजवला, स्टीलच्या पातेल्यात, रंग दुधासारखा. गॅस बंद करून चीज, जायफळ, मिरपूड. लसणाबरोबर ब्याडगीचं तिखट अर्धा चमचा वरून टाकलं, मुलाला आवडतं.

मुलगा दोन वेळा वाढून घेऊन जेवला. सासूबाईंनी वाटीत नुसता सॉस घेतला, चमच्यानं खाल्ला आणि म्हणाल्या, "आता यात उकडलेली रताळी घाल, मी खाईन." रताळी घरात होती. घातली. मुलगा म्हणाला, आजी, हे हॉस्टेलला डब्यात दे.

एक अडचण मात्र आली. वाटीभर सॉस उरला, फ्रिजमध्ये ठेवला, आज सकाळी बघते तर खरवसासारखा थिजला आहे. टाकून द्यावा का?

कॅम्पातला_बेकरीवाला
अजिबात टाकू नका! गार झाला की पिष्ट आवळतंच. पाव वाटी दूध घालून मंद आचेवर ढवळा, पुन्हा सैल होईल. दोन दिवसांत संपवा.

शहापूरची_आजी
किंवा तसाच घट्ट असताना उकडलेला मका, वाटाणा, थोडी कोथिंबीर मिसळा आणि ब्रेडच्या दोन कापांमध्ये भरून तव्यावर भाजा. माझ्या नातीचा शाळेचा डबा तोच असायचा. आणि सूनबाई, सासूबाईंना रताळ्यात गूळ नाही घातला ना विचारा, आमच्याकडे घालतात.

वडगावची_सून
विचारलं आजी. म्हणाल्या, "पुढच्या वेळी."